हाडांसमोर रील काढताना घ्यावयाची काळजी

म्युनिकला येताय? या, या. मारिएनप्लाट्झच्या चौकात घड्याळातल्या बाहुल्यांचा नाच बघून झाला, प्रेत्झेल खाऊन झालं, 'जुन्या पीटर'च्या, म्हणजे सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर चढून आल्प्स दिसतात का तेही बघून झालं, की खाली चर्चमध्ये डोकवायचं. तिथे बाजूच्या एका वेदीवर काचेच्या पेटीत एक बाई पहुडलेली आहे. अंगावर सोनेरी जर, खडे, मोती. खोबणीत काचेचे डोळे. बाकी नुसती हाडं. संत मुंडिट्सिया. १६७५ साली रोमच्या भुयारी दफनभूमीतून तिला इथे आणलं. तिच्यासमोर कसं वागायचं हे कुठल्याच टूरच्या पत्रकात छापलेलं नसतं, म्हणून हा माझा अल्पसा प्रयत्न.

आत शिरल्या शिरल्या "ईईई, हे काय!" असं ओरडायचं. दगडी कमानीखाली आवाज छान घुमतो.

मग फ्लॅश. पेटीला काच असल्यामुळे फोटोत संत येत नाही, तुमचाच फोन येतो. हरकत नाही. पुन्हा मारा. पुन्हा मारा.

पुढच्या बाकावर कुणी गुडघे टेकून बसलेलं असेल तर संकोच नको, ती लोकल मंडळी असतात, त्यांना काय, रोजच यायचंय. परवा माझ्याच एका पाहुण्याने जपमाळ ओढत बसलेल्या आजींना "एक्सक्यूज मी, वन मिनिट" म्हणून उठवलं आणि त्यांच्या जागी ट्रायपॉड लावला. आजी उठल्या. एक मिनिट अर्थातच एक मिनिट नव्हतं.

कॅप्शन दणदणीत हवी. तिच्या थडग्यावरच्या लेखात ए, पी, सी अशी तीन अक्षरं आहेत. काहींनी त्यावरून कुऱ्हाडीने शिरच्छेद झाल्याचं लावलं, काहींनी ती गेली त्या साली रोममध्ये कोण कॉन्सल, म्हणजे त्या वर्षाचे मुख्य अधिकारी, होते ते, म्हणजे इसवी सन ३१०. तुम्ही कुऱ्हाड घ्या. त्याच लेखात ती साठ वर्षं जगली आणि १७ नोव्हेंबरला शांतपणे गेली असंही आहे, पण त्याला व्ह्यूज येत नाहीत.

मागे भुताचं म्युझिक लावायला विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओळखीचा कुणी सोबत असेल तर त्याला पेटीसमोर उभं करून मोठ्याने विचारायचं, "खरे हिरे आहेत का रे? किती कोटींचं असेल?" हा प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर पडलात तर तिकीट फुकट गेलं समजा. उत्तर ऐकायची गरज नाही. तरी सांगतो, कारण परवापासून डोक्यात तेच घोळतंय. अशा सांगाड्यांवर बरीचशी काच असते. काच! रंगीत काच, गिल्टाची तार, टिकल्या, मोती, अधूनमधून एखादा खरा खडा. झालं समाधान? आता जरा मान वाकवून बघा. एकेका बोटाचं एकेक पेर पारदर्शक जाळीदार रेशमात गुंडाळलेलं असतं, धूळ बसू नये म्हणून, आणि वरचं जडावकाम टाचायला आधार हवा म्हणून. हाताचं बोट, पायाचं बोट, एकेक फासळी. त्यावर तार पिळून पाकळ्या करायच्या, पाकळीत खडा बसवायचा, मोती ओवायचे. जे हाड सापडलंच नाही ते मेणाचं नाहीतर लाकडाचं करायचं. एका सांगाड्याला वर्षं लागायची. हे काम बहुतेक मठातल्या नन्स करायच्या, हिवाळ्यात बोटं गोठत असताना. इथल्याच बव्हेरियातल्या वाल्डसासेन गावी एकाच चर्चमध्ये असे दहा आख्खे सांगाडे आहेत. तिथल्या सजावटीवर आडाल्बार्ट एडर नावाच्या मठबंधूची छाप आहे, त्याचं निदान नाव तरी राहिलं. बायकांची बहुतेकींची नावंही उरली नाहीत. त्यांच्या या कामाला आपला प्रश्न काय, तर भाव किती!

"आमच्या गोव्यात पण आहे की एक" हे वाक्यही तयार ठेवा. तिथे सांगाडा नाही, संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, ते गोव्याच्या सोनारांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे, उजवा हात तर १६१४ पासून रोमला आहे, या बारकाव्यांत शिरू नका.

आणि शेवटी, व्हॉट्सअॅपवर आलेलं ज्ञान. "हे संतबिंत कुणी नव्हतेच, सगळं फेक!" अहो, बरोबर आहे! १५७८ मध्ये रोमच्या व्हिया सालारिया रस्त्यावर द्राक्षमळ्यातल्या मजुरांना भुयार लागलं, आत थडगीच थडगी. इकडे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या धामधुमीत चर्चमधले अवशेष फोडून टाकलेले, वेद्या रिकाम्या. मग तिकडून हाडं निघाली आणि आल्प्स ओलांडून इकडे आली. थडग्याच्या दगडावर 'एम' दिसला की 'मार्टिर', म्हणजे हुतात्मा, नाव नसलं तर नवं नाव. यातले बरेच जण साधे रोमन गृहस्थ असणार. पण हा शोध तुम्ही लावलेला नाही. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफनेच असले संशयास्पद अवशेष हटवायला लावले होते. १८०४ मध्ये या मुंडिट्सियेलाही लाकडी फळ्यांआड झाकलं, ती १८८३ मध्ये पुन्हा उजेडात आली. बव्हेरियातल्याच रोटेनबुखच्या गावकऱ्यांचे दोन सांगाडे १८०३ मध्ये विकले गेले होते. त्यांनी १९७७ मध्ये पैसे गोळा करून ते परत आणले. पावणेदोनशे वर्षांनी! त्यांना काय हिरे हवे होते?

आता सरळच बोलतो. माणूस गेल्यावर आपण त्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतो ना? तुमच्या आजीच्या तोंडात ठेवताना मागून कुणी टॉर्च मारून "किती कॅरेटचं?" विचारलं असतं, तर कानाखाली वाजवली असती तुम्ही. इथे वाजवत नाहीत, सभ्य आहेत म्हणून. त्याचा अर्थ चालतं असा नाही. भीती वाटली तर वाटू द्या, विचित्र वाटलं तर तेही ठीक, मलाही पहिल्यांदा वाटलंच होतं. श्रद्धा असायलाच हवी असं तर अजिबात नाही. फोन खिशात ठेवा, आवाज खाली आणा, आणि बसलेल्या माणसाला उठवू नका, एवढं शाळेत शिकवलं होतं आपल्याला.

आणि हो, इथून पुढे मी कुणाला घेऊन जाणार नाही. मारिएनप्लाट्झला उतरलं की दोन मिनिटांवर आहे, आपलं आपण जा.