दोन वर्षांत अर्थशास्त्राची पीएचडी? आधी नियम तर वाचा

कापसाचे पैसे आले की भाचीच्या पीएचडीचा पहिला हप्ता भरायचा, असं आमच्या भाऊजींनी ठरवूनच टाकलं होतं. कारण काय, तर एक मेसेज. आर्णी-दारव्ह्याकडच्या ग्रुपांवर तो सध्या फिरतोय: ‘अर्थशास्त्रात पीएचडी करा, प्राध्यापक व्हा. विद्यापीठ कोणतंही घ्या, डिग्री सारखीच. दोन वर्षांत, घरबसल्या. विषय, गाईड, थिसिस आमच्याकडे. नेट-सेटची कटकट नाही. परदेशात पन्नास लाख लागतात, इथे हप्त्यांची सोय.’ खाली हिरव्या टिकांची रांग आणि एक मोबाईल नंबर.

आधी ते दोन वर्षांचं बघू, कारण पोरांचं वाटोळं तिथेच होतं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधीचे वर्ग, धरून कमीत कमी 3 वर्षं. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. दूरस्थ पद्धतीने पीएचडी नाहीच. गाईड प्रोफेसर असेल तर एका वेळी जास्तीत जास्त 8 विद्यार्थी, असोसिएट असेल तर 6, असिस्टंट असेल तर 4. मग हे ‘घरबसल्या दोन वर्षांत’ कोणत्या नियमात बसतं? आणि थिसिस दुसऱ्यानेच लिहायचा तर मुलाखतीत ‘हे व्हेरिएबल का घेतलं?’ असं विचारल्यावर काय एजंटला फोन लावायचा? जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांचे पीएचडी प्रवेश 5 वर्षांसाठी बंद केले, नियम पाळले नाहीत म्हणून. तिथून आधी पदवी घेतलेल्यांनी आता ती कोणत्या तोंडाने दाखवायची?

‘डिग्री सारखीच’ म्हणणाऱ्याने शोधगंगा, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांची वेबसाइट, कधी उघडलेली दिसत नाही. गाईडचं नाव टाका, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळा. सगळीकडे ‘कापूस उत्पादकांच्या समस्या : एक अभ्यास’, तालुका तेवढा बदललेला, प्रश्नावली तीच आणि शेवटी टक्केवारीचे गोल तक्ते असतील, तर तिथून उठा. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी लांबली की गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला भाव किती पाडतो, हा प्रश्न आपल्या दारातला आहे, पण तो धरायला इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र, नीट शिकवणारा विभाग लागतो. मुंबईच्या गोरेगावची आयजीआयडीआर ही संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये काढली. तिथे आधी कसून कोर्सवर्क होतं, फेलोशिपही मिळते. पुण्याची अर्थशास्त्राची गोखले संस्था आहे. नागपूर-अमरावतीला करण्यातही काही कमीपणा नाही, गाईड स्वतः लिहिणारा आणि वेळ देणारा असला पाहिजे. कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडून पीएचडी झालेले आज कुठे शिकवतात? उत्तर द्यायला आढेवेढे घेतले की समजून जा.

नेट-सेटचं, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचं, म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पीएचडीवाल्याला नेटमधून सूट मिळते, पण ती पीएचडी यूजीसीच्या नियमांनी झालेली असेल तरच. उलट 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक पदासाठी पीएचडी ऐच्छिक आहे, नेट किंवा सेट ही किमान पात्रता. त्याच नेटचे गुण आता पीएचडी प्रवेशालाही चालतात आणि जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37 हजार. याला कटकट म्हणायचं? ‘प्राध्यापक व्हा’ तर सोडाच, नेट आणि पीएचडी दोन्ही असलेले कितीतरी जण अजून तासिका तत्त्वावर शिकवतायत.

पन्नास लाखांचा आकडा परदेशातल्या मास्टर्सला कदाचित लागू पडेल. अमेरिकेतल्या चांगल्या अर्थशास्त्र विभागांत पीएचडीला फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवायला मदत करायची. पाच-सहा वर्षं जातात. खरी अडचण गणिताची आहे. तिथे लिनिअर अल्जेब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस मागतात आणि आपल्याकडे बीए-एमएला त्याचा वाराही लागत नाही. भाचीला तिकडे अर्ज करायचाच असेल तर आधी बीएस्सीच्या गणिताची पुस्तकं घेऊन बसावं लागेल. अर्जांची आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची फी तेवढी खिशातून जाईल, त्याला भाऊजी तयार आहेत.