आमचे डॉक्टर चौकशा फार करतात

परवा नाक्यावरच्या हॉटेलात भजी खात बसलेलो, बाजूच्या टेबलावर आमच्या डॉक्टरांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "तो नुसते चौकशेच करता, इंजेक्शन काय देणा नाय, मग कित्याक जावचा?" मी गप्प बसलो आणि घरी येऊन स्वतःचाच राग आला, म्हणून ही पोस्ट. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

तर चौकशांबद्दल. दोन वर्षांमागे जुलैत बाबांना ताप. तालुक्याच्या एका दवाखान्यात दोन मिनिटांत "व्हायरल आहे" म्हणून गोळ्या दिल्या, सलाईन लावलं, बाबा खूश, कारण सलाईन लागलं म्हणजे काहीतरी झालं असं आपल्याकडे असतंच. तिसऱ्या दिवशी ताप तसाच, डोळे लाल, मग आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "लावणेक उतरल्लंस? पायाक चिखल्यो झाल्यो काय?" आणि खाली वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटरी दाबली. बाबा ओरडलेच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्याच. उंदराच्या मुतातून पाण्यात जंतू येतात आणि कातडी फुटलेली असली की आत शिरतात, म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), आपल्याकडे हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, पण पोटरी दाबून बघायला पेशंटच्या पायाला हात लावावा लागतो ना. डॉक्सिसायक्लिन तिथेच सुरू केली, प्लेटलेट आणि किडनीची तपासणी लिहिली आणि स्वतः फोन करून त्याच दिवशी ओरोसला सिंधुदुर्गच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. बाबा पाच दिवसांनी घरी आले.

काजूच्या दिवसांत त्यांची चौकशी बदलते. "रानात गेल्लंस? गोचीड चावली? खय माकड मेलेला दिसला?" दोडामार्गात २०१६ ला गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हापासून हे पक्कं. गोव्याहून किंवा मुंबईहून आलेला माणूस हसेल या प्रश्नांना, पण तापाचं निम्मं निदान थर्मामीटरमध्ये नसतं, तो माणूस गेल्या पंधरा दिवसांत कुठे वावरला यात असतं, आणि ते विचारायला इथलं पावसाचं, काजूचं, लावणीचं वेळापत्रक डोक्यात असावं लागतं.

त्यांच्या डोक्यात ते आहे कारण ते इथलेच. वडील परळला गिरणीत, दर महिन्याला मनीऑर्डर. १९८२ चा संप झाला, मनीऑर्डर बंद झाली, वडील ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. डॉक्टर तेव्हा सातवीत. पुढे मिरजेला एमबीबीएस केलं आणि परत आले. त्यांच्या बॅचचे बाकीचे पुण्यामुंबईला, मोठाल्या गाड्या वगैरे. हे सगळं एकदा लाईट गेल्यावर, पेशंट नव्हते तेव्हा सांगितलं त्यांनी. विंचूदंशावर काम केलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं, पद्मश्री मिळाली २०२२ ला त्याच्या कितीतरी आधी. म्हणाले, बावस्करांकडे मशीन काही नव्हतं रे, विंचू चावलेल्याच्या उशाशी रात्रभर बसायचं, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले ते टिपायचं, आणि त्यातून १९८२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्रॅझोसिनच्या गोळीने माणसं वाचायला लागली. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात बसून!

आता आईची गोष्ट. तिचे पाय सुजायचे. एका ठिकाणी किडनीच्या तपासण्या सांगितल्या, पैसे गेले, सगळं नॉर्मल. आमचे डॉक्टर म्हणाले, घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण. आईने आणली, कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी. त्यांनी ती टेबलावर उपडी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचत बसले, बाहेर पंधरा माणसं. दोन पाकिटं बाजूला काढली. एक इथल्या मेडिकलचं, एक भावाने मुंबईहून पाठवलेलं. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिन. बीपीची तीच गोळी आई डबल खात होती आणि त्या गोळीने पाय सुजतात. एक बंद केली, दोन आठवड्यांत पायात चपला नीट जायला लागल्या. या कामाचे त्यांनी घेतले शंभर रुपये.

देवमाणूस वगैरे म्हणायचं नाहीये मला. ओरडतात फार. साधा सर्दीताप असला आणि इंजेक्शन मागितलं की खरंच अंगावर येतात. अक्षर भयंकर. गुरुवारी बंद म्हणजे बंद. पण देवाकडे गाराणं घालून आलेल्या म्हातारीवर मात्र कधी डाफरत नाहीत, "घातलंस मा गाराणा, बरा केलंस, आता गोळी चुकवू नको" एवढंच.

उद्या आईची तारीख आहे. पिवळी पिशवी आत्ताच भरून दाराला अडकवलीय तिने, वर त्यांच्यासाठी फणसाच्या साठाची पुडी पण टाकलीय. घेणार नाहीत, गेल्या वर्षीपासून त्यांनाच शुगर आहे, पण हे आईला कोण सांगणार.