पाठ टाचणात न मावलेलं
शिक्षक प्रशिक्षणावरच्या एका लेखात एका विद्यार्थिनीने लिहिलंय की प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी ‘थिअरीच फार, मुलं कुठेच नाहीत’ असं वाटायचं. अगदी खरं! मलाही मुलांची विचारशक्ती कशी वाढते हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणजे परीक्षेपुरता पाठ करायचा माणूस वाटायचा.

मग दुसरीच्या वर्गावर सराव पाठ आला. विषय हातच्याची वजाबाकी. टाचण (तासाचा लेखी आराखडा) सुबक, तक्ते रंगीत, मिनिटं आखलेली. एका मुलाने ४२ वजा १७ चं उत्तर ३५ काढलं. मी ‘चूक’ म्हणून पुढे जाणार, तेवढ्यात सहज विचारलं, कसं केलंस? तो म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.” त्याच्या हिशेबाने बरोबरच की! मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, एक गठ्ठा त्यानेच सोडला. बारा सुट्या काड्या समोर आल्यावर त्याचा चेहरा बदलला. सात ते अकरा वर्षांची मुलं प्रत्यक्ष वस्तूंच्या आधाराने विचार करतात, हे पियाजेचं म्हणणं मला त्या दिवशी कळलं. (आणि हा तर अजून सातही पुरता नव्हता.)

टाचण अर्थातच अर्धं राहिलं. निरीक्षकांनी शेरा दिला, ‘वेळेचे नियोजन नाही’. गुण कापले ते कापलेच, अजून थोडं लागतं मनाला.

आणखी एक. प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं सगळ्यात अवघड. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबताना दिसले. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात. मी मनात आकडे मोजायचे. तीन सेकंद भलतेच लांब असतात हो!