ग्रीन टीनं पोट उतरतं का?

परभणीत माझं मेडिकल आहे. लग्नसराई जवळ आली की ग्रीन टीचे डबे धडाधड जातात आणि गल्ल्यावर प्रश्न एकच, "भाऊ, यानं पोट उतरतं ना?"

नाही उतरत. २०१२ मध्ये कॉक्रेननं (उपचारांचे पुरावे तपासणारी जागतिक संस्था) ग्रीन टी आणि वजनावरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. जपानबाहेर फरक जवळपास शून्य निघाला.

म्हणून ग्रीन टी फालतू आहे असं नाही. जपानमध्ये ओसाकी भागातल्या ४० हजारांवर माणसांचा ११ वर्षं अभ्यास झाला. दिवसाला ५ किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात यांनी होणारे मृत्यू कमी दिसले, बायकांमध्ये तर जास्तच ठळक. आता ते लोक मासे खाणारे, त्यांचं सगळं खाणं-राहणंच वेगळं. सगळं श्रेय एकट्या चहाला कसं द्यायचं? तसं बघितलं तर आपला काळा चहा आणि हा हिरवा एकाच झाडाचा. हिरव्याची पानं तोडल्याबरोबर वाफवतात किंवा परततात, म्हणून त्यातली कॅटेचिन्स (चहाच्या पानातली नैसर्गिक द्रव्यं) टिकतात.

माझ्या मते आपल्याकडं याचा मोठा फायदा साध्या कारणानं आहे: यात साखर पडत नाही. मोंढ्यात जा, तहसीलला जा, पाव्हण्याकडं जा, चहा ठरलेला. नाही म्हणलं की माणूस रुसतो. कपात दोन चमचे साखर धरली तरी ५ कपांत ४०-५० ग्रॅम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २५ च्या आत ठेवाल तर उत्तम. पण आपले लोक करतात काय, तर सकाळी ग्रीन टी पितात आणि दिवसभराचे कप आहेत तसेच चालू ठेवतात! वरून त्यात मध. मध म्हणजे शेवटी साखरच की हो.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. चहा हिरवा असो की काळा, जेवणावर घेतला की भाजी-भाकरीतलं लोह नीट अंगी लागत नाही. मधे निदान तासभर जाऊ द्या. आणि रक्तवाढीची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या काकू, मावश्या मला रोज भेटतात. गोळी पाण्याबरोबरच घ्या, माय.

करायची पद्धतही सांगून ठेवतो, कारण कडू लागतो म्हणून निम्मे डबे फडताळात पडून राहतात. आपण सवयीनं पत्ती उकळवतो, तिथंच बिघडतं. पाणी उकळलं की गॅस बंद करा, जरा निवू द्या, मग पिशवी टाका आणि दोन-तीन मिनिटांत काढा.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र मी दुकानात ठेवत नाही. दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) असलेल्या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच दिलाय. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल, तर रोजचा ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.