‘दोन वर्षं थांबा, कन्सोल निम्म्या किमतीत मिळेल’: हिशेब मांडून पाहू

नव्या पिढीचा कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) आला की एक सल्ला हमखास फिरतो. ‘घाई नको. कंपनी सुरुवातीला तोटा सोसून विकते, मग चिप स्वस्त होते आणि भाव उतरतात. दोन-तीन वर्षांत किंमत निम्मी, जुन्या पिढीचा कन्सोल तर कवडीमोल. शेवटी जो स्वस्त तोच खपतो.’

‘भाव उतरतातच.’ एके काळी उतरायचे. अमेरिकेत सोनीचा प्लेस्टेशन २ ऑक्टोबर २००० मध्ये २९९ डॉलरला आला, मे २००२ मध्ये १९९ वर उतरला. प्लेस्टेशन ४ ला ३९९ वरून २९९ वर यायला मात्र जवळजवळ तीन वर्षं लागली. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत गणित उलटंच झालं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्क ड्राइव्हवाला कन्सोल ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला. सल्ला पाळून थांबलेल्याने पाच हजार जास्त मोजले. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ४९९.९९ चे ५४९.९९ डॉलर झाले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याच वर्षी दोनदा वाढून ६४९.९९ वर गेला. अधूनमधून सेलमध्ये काही हजार सुटतात, ते जरूर घ्यावेत. पण ती सवलत तात्पुरती. छापील किंमत काही खाली येत नाही.

‘चिप स्वस्त झाली की फायदा आपल्याला.’ खरी मेख इथे आहे. प्लेस्टेशन ३ ची ‘सेल’ नावाची मुख्य चिप ९० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवरून ६५ वर, मग ४५ वर आली (आकडा जितका लहान, तितके चिपवरचे भाग बारीक). प्रत्येक टप्प्यावर चिपचं क्षेत्रफळ घटलं, एका वेफरमधून (चिप जिच्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) जास्त चिप निघाल्या, वीज कमी लागू लागली, म्हणून पंखा आणि पॉवर सप्लायही लहान झाले. तरीही सुरुवातीचा ५९९ डॉलरचा भाव एकट्या चिपमुळे उतरला नाही. २००७ च्या ३९९ डॉलरवाल्या ४० जीबी मॉडेलमधून प्लेस्टेशन २ चे गेम चालवण्याची सोय, मेमरी कार्डचे खाचे आणि चारपैकी दोन यूएसबी पोर्ट गायब झाले होते. स्वस्ताईत ही काटछाटही धरायला हवी.

प्लेस्टेशन ५ ची चिपसुद्धा २०२२ मध्ये ७ वरून ६ नॅनोमीटरवर गेली. बचत मात्र किरकोळ, कारण आता प्रगत प्रक्रियेचे वेफरच महाग आहेत आणि मेमरी काही चिपबरोबर आक्रसत नाही. २०२५ च्या अखेरीस तर रॅमचे, म्हणजे याच मेमरीचे, भाव भडकले. तोट्याचं म्हणाल, तर ४९९ डॉलरवाला कन्सोल आता तोट्यात विकला जात नाही, असं सोनीने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं होतं. वर्षभरातच, ऑगस्ट २०२२ मध्ये, युरोप आणि जपानमध्ये किंमतवाढ जाहीर झाली.

‘जुना कवडीमोल होतो.’ निन्टेन्डोचा स्विच २ बाजारात आल्यावर दोनच महिन्यांत अमेरिकेत मूळ स्विच २९९.९९ वरून ३३९.९९ डॉलर झाला. विषय संपला.

‘स्वस्त तोच खपतो.’ सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट १९९ डॉलरला आला, १४९ झाला, पुढे ९९ सुद्धा झाला. तरी सेगाने मार्च २००१ मध्ये उत्पादन थांबवलं. लोक त्याहून महाग प्लेस्टेशन २ साठी थांबले होते. बाजारात येताना मूळ स्विचपेक्षा १५० डॉलरने महाग असलेला स्विच २ चार दिवसांत ३५ लाखांवर खपला. कपातीने बाजी पलटल्याचं उदाहरण हवंच असेल तर निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस घ्या: २०११ मध्ये पाच महिन्यांत २४९.९९ चे १६९.९९ डॉलर. पण त्याच वर्षाअखेरीस मारिओचे दोन मोठे गेमही आले, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा किंमत पाहताना सोबतचा खर्च धरा. ड्राइव्ह नसलेल्या मॉडेलवर जुन्या डिस्क चालत नाहीत, म्हणजे सेकंडहँड गेमची बचत गेली. नंतर आलेल्या प्लेस्टेशन ५ स्लिमच्या डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेल्या, मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो (पहिल्या जोडणीला इंटरनेट लागतं), २०२० च्या डिजिटलला येत नाही. गेम साठवायची जागा वाढवायला प्लेस्टेशन ५ मध्ये हीटसिंकसह (उष्णता शोषणाऱ्या पट्टीसह) संगणकाची साधी चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी बसते; सिरीज एक्सला त्याच वेगासाठी खास विस्तार कार्डच घ्यावं लागतं. स्विच २ मध्ये गेमसाठी जागा वाढवायची तर मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. घरातल्या जुन्या कार्डावरून फक्त फोटो-व्हिडिओ उतरवता येतात.