समुद्रासाठी ‘लांब, जाड आणि फायबरचाच’ रॉड? एका फॉरवर्डला उत्तर

पाऊस सरला आणि डहाणू-अलिबागचे बेत ठरू लागले की नाशिकच्या मासेमारीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. गोषवारा असा: समुद्रासाठी १२ फुटांखालचा रॉड घेऊ नका. जितका जाड आणि कडक रॉड, तितका मोठा मासा निघतो. कार्बनचा रॉड खाऱ्या हवेत खराब होतो, म्हणून फायबरचाच (म्हणजे काचतंतूंचा, फायबरग्लासचा) घ्या. ‘सॉल्टवॉटर’ छापलेल्या रॉडला काही होत नाही. आणि धरणावरचा रॉड समुद्रावर बाद. पाचही वाक्यं ठणकावून लिहिलेली आहेत आणि पाचही जशीच्या तशी मानली तर पैसे वाया.

लांबीपासून सुरू करू. १२-१३ फुटी रॉडचं एक ठरावीक काम असतं. मोकळ्या वाळूवर उभं राहून १०० ग्रॅमच्या आसपासचं शिसं दूर फेकायचं, रॉड वाळूत रोवलेल्या नळीत उभा करायचा आणि दोरी फुटणाऱ्या लाटांच्या वर ठेवून वाट बघायची. हेच करणार असाल तर बेलाशक घ्या. पण जव्हारमार्गे डहाणूला उतरणारा आपला माणूस पुष्कळदा खाडीकाठी, जेट्टीवर नाहीतर होडीत बसतो. खाडीत पाठीमागे खारफुटी असते, एवढा लांब रॉड मागे न्यायलाच जागा नाही. होडीत आमिष सरळ खाली सोडायचं असतं, तिथे साडेपाच ते सात फूट भरपूर झाले. शिवाय लांबीची किंमत हाताला मोजावी लागते. पुढचा हात आणि रॉडचं टोक यांतलं अंतर दुप्पट झालं की तोच मासा मनगटाला जवळपास दुप्पट जड लागतो. साधा तरफेचा हिशोब आहे, फक्त इथे लांब बाजू माशाकडे असते. आणि लांब रॉडच्या बाजूने ‘मासे लांबच असतात’ असं जे सांगतात, तेही अर्धवट. भरतीच्या पाण्याबरोबर मासे काठालगतच्या घळीत चरायला येतात. त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकण्यात काय मतलब?

आता जाडीचं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, कारण रॉडवर छापलेले आकडे कुणी वाचत नाही. हँडलच्या वरच्या बाजूला ‘१०-३० ग्रॅम’ किंवा ‘४०-८० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ते किती वजन फेकायचं त्याचं माप आहे, माशाचं नव्हे. ८० ग्रॅमच्या रॉडवर १५ ग्रॅमचं लुअर (नकली आमिष) लावलंत तर रॉड वाकतच नाही आणि न वाकणारा रॉड फेकत नाही. उलट १०-३० च्या रॉडने १०० ग्रॅमचं शिसं जोरात भिरकावलंत तर तो मोडायची पाळी.

‘मोठ्या माशाला जाड रॉड’ म्हणणाऱ्यांनी रीलच्या ड्रॅगकडे, म्हणजे दोरी किती ओढीवर सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेककडे बघावं. दोरी १० किलोची असेल तर ड्रॅग साधारण तिच्या पाव ते एक तृतीयांशावर, म्हणजे अडीच-तीन किलोवर लावतात. त्याहून जास्त ओढ आली की रील दोरी सोडते. मासा सहा किलोचा असो की सोळा, रॉडवर ताण तेवढाच. पाण्यातल्या माशाचं पूर्ण वजन तसंही दोरीवर येत नसतं. ते येतं रॉडनेच मासा हवेत उचलायला गेलं की, आणि बरेच रॉड तिथेच मोडतात: मासा पायाशी, रॉड आकाशाकडे उभा, सगळा ताण टोकावर. मग दोष रॉडच्या नावावर. जाळी घ्या ना! कडक रॉड कामाला येतो तो खडकात आणि खारफुटीत, जिथे मासा मुळांत घुसायच्या आत वळवावा लागतो. बाकी ठिकाणी वाकणारा रॉडच गाठ आणि गळ दोन्ही सांभाळतो.

कार्बन खाऱ्या हवेत गंजत नाही. त्याला भीती असते ती ठोकरीची, गाडीच्या दारात चेमटण्याची आणि शिसं आपटण्याची. फायबर जड असतो पण मार सोसतो, म्हणून होडीवर तो आजही चांगला. कार्बनमधून वीज वाहते, हे मात्र कोणत्याच फॉरवर्डमध्ये नसतं. वर विजेच्या तारा असतील किंवा आभाळात गडगडाट असेल तर तो रॉड खाली ठेवा.

‘सॉल्टवॉटर’ शब्दाने गंज थांबत नाही. गंजतात त्या दोरीच्या कड्या, तेही बहुधा पायापाशी, धाग्याच्या गुंडाळीखाली, जिथे दिसत नाही. घेताना प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकले तर कडीला चीर आहे. टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणाऱ्या) रॉडच्या सांध्यांत वाळू आणि मीठ बसतं. नाशिकला पोचेपर्यंत ओला रॉड बंद पिशवीत ठेवण्यापेक्षा किनाऱ्यावरच रील सोडवून गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि पुसा.

राहिला धरणावरचा रॉड. मरळसाठी रबरी बेडूक फेकायला आपण जो सात फुटी, मीडियम हेवी (मध्यमाहून जरा कडक) रॉड वापरतो, तो खाडीत जिताड्यासाठी छान चालतो. गंगापूर धरणावर कणकेच्या गोळ्यावर रोहू धरायचा मऊ रॉड मात्र खाडीत कमी पडतो, पण त्याचं कारण मीठ नाही. धरणाचं पाणी स्थिर असतं. उधाणाच्या दिवशी खाडीची ओढ ३० ग्रॅमचं शिसं घरंगळत नेते, तिथे ६०-८० ग्रॅम लागतं आणि तेवढं फेकायची त्याची ताकद नसते. काठावरून एकाच रॉडवर भागवायचं असेल तर ९ फुटी, २०-६० ग्रॅमचा, दोन-तीन तुकड्यांचा बघा. डिकीत मावतो, आणि भांगाच्या दिवसांत, जेव्हा ओढ कमी असते, तेव्हा खाडीतही चालून जातो.