‘युनिक्स संपलं, लिनक्सवर टाका’ या फॉरवर्डचं काय करायचं?

नागपुरातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मिहानमधून गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, तिथून कुणाच्या तरी साहेबांच्या फोनवर, आणि आता ‘हे खरं आहे का हो?’ अशी पुस्ती जोडून परत सिस्टिमवाल्यांकडे. युनिक्स हे मोठ्या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं जुनं घराणं. आयबीएमचं एआयएक्स, ओरॅकलचं सोलारिस आणि एचपीचं एचपी-यूएक्स ही त्यातली तीन नावं; लिनक्स ही त्यांच्याच धर्तीची, पण खुली सिस्टिम. मजकूर थोडक्यात असा: ‘एआयएक्स, सोलारिस, एचपी-यूएक्स, नावं तीन पण माल एकच. तिन्ही मेलेत. जगातले पाचशेच्या पाचशे मोठे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. लिनक्स फुकट आहे. शनिवार-रविवारात डेटा कॉपी करा आणि जुने डबे भंगारात द्या. तसंही २०३८ साली सगळी युनिक्स बंद पडणार आहेत.’

नवं काही उभारायचं असेल तर मीही लिनक्सच सांगेन, त्यावर वाद नाही. पण चालू असलेला, पगार आणि बिलं काढणारा सर्व्हर या मजकुराच्या भरवशावर हलवायचा म्हणजे अवघड आहे, भाऊ.

‘नावं तीन, माल एकच.’ हे लिहिणाऱ्याने तिन्हींवर रात्रपाळी केलेली दिसत नाही. मूळ एक आहे हे खरं, सगळ्यांचं खापरपणजोबा बेल लॅब्जमधलं १९६९ चं युनिक्स. पण एआयएक्स आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरच चालतं. एचपी-यूएक्स एचपीच्या पीए-रिस्क आणि मग इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरवर चाललं, साध्या इंटेल सर्व्हरवर ते कधी आलंच नाही. सोलारिस स्पार्क प्रोसेसरवरही चालतं आणि एक्स८६ वरही, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीवर. एआयएक्सवाला ‘स्मिटी’चा मेन्यू उघडून डिस्क जोडतो, एचपीवाला ‘आयओस्कॅन’ ही कमांड मारतो, आणि सोलारिसवाल्याची झेडएफएस ही फाइल सिस्टिम असली की डिस्कांची विभागणी करणाऱ्या व्हॉल्यूम मॅनेजरची वेगळी भानगडच उरत नाही. चुका शोधायच्या तर एआयएक्सवर ‘एररपीटी’, सोलारिसवर डीट्रेस. एकाचा माणूस दुसऱ्यावर बसवला तर दोन-चार महिने तो नुसता चाचपडतो.

ज्या गोष्टी आज नव्या म्हणून दाखवल्या जातात त्यातल्या कितीतरी इथूनच आल्या. अॅप्लिकेशन वेगळ्या कप्प्यात चालवणारं डॉकर आलं २०१३ साली. एकाच कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, वेगवेगळे कप्पे करून प्रत्येकात वेगळं अॅप्लिकेशन चालवायची सोय सोलारिस १० च्या झोन्समध्ये २००५ पासून होती. प्रोसेसरचा दहावा हिस्सा एका पार्टिशनला (सर्व्हरच्या स्वतंत्र भागाला) देणं आयबीएमच्या पॉवर५ वर २००४ सालीच जमत होतं.

‘तिन्ही मेलेत.’ इथे मजकूर एक तृतीयांश बरोबर आहे, आणि तो तृतीयांश गंभीर आहे. इंटेलने इटॅनियमचा शेवटचा माल जुलै २०२१ मध्ये पाठवला आणि एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नेहमीचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. तुमच्या रॅकमध्ये अजून ते असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्याची सोय लावा. भर मे महिन्यात एसी बसला आणि जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला, तर सुटे भाग शोधायला कुठे जाणार?

सोलारिसची गोष्ट वेगळी. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतली, २०१७ मध्ये सोलारिस आणि स्पार्कच्या लोकांची मोठी कपात केली, आणि त्यानंतर मोठी नवी आवृत्ती नाही. २०१८ चं ११.४ च पुढे चालवलं जातंय. पण पॅच येतात आणि किमान २०३४ पर्यंत सपोर्टचं आश्वासन आहे. याला मेलेलं म्हणत नाहीत, निवृत्त पण पेन्शन चालू म्हणतात. एआयएक्स तर अजून नोकरीतच आहे: ७.३ आवृत्ती २०२१ अखेरची, आणि ते चालवणारं पॉवर११ हार्डवेअर जुलै २०२५ मध्ये आलं. तिघांना एकच मृत्यूचा दाखला कसा देता?

पाचशे सुपरकॉम्प्युटरचं वाक्य खरं आहे, नोव्हेंबर २०१७ पासून ती यादी शंभर टक्के लिनक्सची आहे. पण त्या यंत्रांत हजारो नोड (एकत्र जोडलेले संगणक) असतात, एक पडला तर ते काम दुसरीकडे पुन्हा सुरू करतात. तुमच्याकडे एकच डेटाबेस आहे आणि तो महिनाअखेरीला पडला तर फोन तुम्हाला येतो. पुढे जाऊ.

‘लिनक्स फुकट आहे.’ कर्नल फुकट आहे. रेड हॅट किंवा सुसे या लिनक्सवाल्या कंपन्यांचा सपोर्ट दरवर्षी पैसे घेतो, आणि फुकटचं घेणाऱ्यांनी सेंटओएस या फुकट लिनक्सची आठवण ठेवावी. सेंटओएस ८ हे २०२९ पर्यंत चालेल या हिशोबाने लोकांनी बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ संपताना ते बंद. पण खरा पैसा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नसतोच, तो वर बसलेल्या डेटाबेसमध्ये असतो. ओरॅकल डेटाबेसच्या एंटरप्राइज एडिशनचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात: पॉवरच्या कोअरला गुणक १, इंटेल-एएमडीला ०.५. मानू, एआयएक्सच्या पार्टिशनमध्ये ८ कोअर आहेत. म्हणजे ८ लायसन्स. एक्स८६ च्या स्वतंत्र सर्व्हरवर १६ कोअर घेतले तरी ८ च. इथवर लिनक्सला दोष नाही, आणि ८ कोअरमध्ये काम भागलं तर उलट निम्म्यातच सुटाल.

गडबड पुढे होते. नवं मशीन कुणी स्वतंत्र ठेवत नाही, व्हीएमवेअरच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांत) एक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, करून टाकतात. ओरॅकल आपल्या पार्टिशनिंगच्या धोरणात आयबीएमची कॅप केलेली (वापराला मर्यादा घातलेली) एलपार, म्हणजे पार्टिशन, आणि सोलारिसचे कॅप केलेले झोन मान्य करतं, व्हीएमवेअरची विभागणी करत नाही. त्यांच्या हिशोबाने व्हीएम ज्या ज्या होस्टवर (सर्व्हरवर) जाऊ शकते ते सगळे मोजायचे. ३२ कोअरचे ४ होस्ट असतील तर १२८ कोअर, म्हणजे ६४ लायसन्स. आठाचे चौसष्ट! हे धोरण करारात बांधलेलं आहे की नाही यावर वकील भांडतात, पण ऑडिटवाला समोर बसल्यावर त्या भांडणाचा खर्चही आपल्यालाच. आपल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते ‘फुकट’ म्हणण्याआधी वाचा.

‘शनिवार-रविवारात कॉपी करा.’ या वाक्यावर मला खरंच राग येतो, कारण ते ऐकून साहेब तारीख देऊन मोकळे होतात. पॉवरवरचं एआयएक्स, स्पार्कवरचं सोलारिस आणि एचपी-यूएक्स ही तिन्ही बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणारी, आणि इंटेलवरचं लिनक्स लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी. चार बाइटमध्ये साठवलेला १ हा आकडा बाइटांचा क्रम उलटा धरून वाचला तर १,६७,७७,२१६ होतो. त्यामुळे डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून चालत नाहीत, त्या रूपांतरित कराव्या लागतात किंवा ओरॅकलच्या डेटा पंपसारख्या मार्गाने काढून पुन्हा भराव्या लागतात. सी किंवा कोबोलमधल्या प्रोग्रॅमने थेट लिहिलेल्या बायनरी फायली असतील तर त्यांना तयार औषध नाही, प्रत्येक फाइलची रचना समजून घ्यावी लागते. ती लिहिणारा माणूस बहुधा निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला असतो.

मग स्क्रिप्ट. कॉर्न शेलमध्ये लिहिलेल्या, क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप) वर्षानुवर्षं चालणाऱ्या, कुणी न उघडलेल्या. एचपीवर ‘बीडीएफ’च्या चौथ्या रकान्यातून मोकळी जागा वाचणारी ओळ लिनक्सवर चालत नाही, तिथे ती कमांडच नाही. यात वाईट म्हणजे मोठ्याने न पडणाऱ्या चुका: स्क्रिप्ट रिकामं उत्तर घेऊन पुढे जाते आणि बॅकअप घेतल्याचा मेल वेळेवर येतो. दोन्ही यंत्रं समांतर चालवून निदान एक महिनाअखेर आणि जमलं तर ३१ मार्च जुळवून बघितल्याशिवाय जुनं बंद करू नका. जुनी यंत्रं वीज खातात हे मान्य, पण ते बिल या चुकीपेक्षा स्वस्त पडतं.

राहिलं २०३८. सेकंद मोजणारा ३२-बिट आकडा त्या वर्षी १९ जानेवारीला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. ६४-बिट प्रोग्रॅमना, मग ते एआयएक्सवर असोत वा सोलारिसवर, ही अडचण नाही. अडचण जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमांची आणि तारखेला चारच बाइट ठेवणाऱ्या फायलींची आहे, आणि त्या फायली लिनक्सवर नेल्या तरी चारच बाइटच्या राहतात. शिवाय त्यासाठी २०३८ उजाडायची गरज नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०१८ च्या फेब्रुवारीपासूनच त्या तारखेपलीकडे जातोय.